संवेदी चेतापेशीवर रसायनाचा परिणाम कसा नोंदवावा: पूर्वतयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

इथेनॉलमध्ये विरघळवलेलं कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट रसायन, चेतापेशीवर सोडलं, पेशीने धडाधड स्पाइक (विजेचे झटके) मारले, फाइल सेव्ह झाली. लॅब मीटिंगमध्ये आलेख पडद्यावर येतो आणि मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, ‘नुसतं इथेनॉल सोडून बघितलंस का?’ बहुतेकांची गाडी इथेच अडते. पॅच क्लॅम्पचा, म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीच्या पटलाला चिकटवून तिची वीज मोजण्याचा, हात बसलेला असतो, सीलही (पिपेट आणि पटल यांच्यातला घट्ट जोड) चांगलं मिळतं, पण दिसलेला बदल रसायनाने केला की रसायन सोडण्याच्या कृतीने, हे त्या नोंदीवरून सांगता येत नाही. खालचा सगळा क्रम या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यासाठी आहे.

उदाहरण घेतलं आहे प्रौढ उंदराच्या, म्हणजे लॅबमधल्या रॅटच्या, पाठीच्या कण्यालगतच्या डॉर्सल रूट गँग्लिऑनमधल्या पेशींचं. पुढे नुसतं डीआरजी म्हणेन. त्वचा, स्नायू आणि सांध्यांकडून वेदना, तापमान, स्पर्श कण्यात पोचवणाऱ्या या पेशी. रिग (नोंदीची मांडणी) तुमच्याकडे आहे आणि होल सेल पॅच, म्हणजे पिपेटखालचं पटल फोडून आख्ख्या पेशीची नोंद, जमतो, असं धरून लिहितो.

## १. रसायन कोणत्या जातीचं ते आधी ठरवा

या पेशींवर काम करणारी रसायनं ढोबळमानाने दोन तऱ्हेची असतात आणि दोघांचे प्रोटोकॉल वेगळे असतात. सर्वांत जास्त वाया गेलेले दिवस मी इथेच गेलेले पाहिले आहेत.

पहिल्या तऱ्हेची रसायनं आयन चॅनल, म्हणजे पटलातली आयन आत-बाहेर सोडणारी दारं, स्वतःच उघडतात. मिरचीतलं कॅप्सायसिन टीआरपीव्ही१ उघडतं, पुदिन्यातलं मेंथॉल टीआरपीएम८, आणि मोहरीच्या झणक्यातलं अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट टीआरपीए१. फुटलेल्या पेशीतून सांडणारं एटीपी पी२एक्स३ उघडतं. आम्ल एएसआयसी चॅनलही उघडतं आणि पुरेसं तीव्र असेल तर टीआरपीव्ही१ सुद्धा. चॅनल उघडलं की सोडियम, कॅल्शियम आत शिरतात, पटलाचं विभव वर सरकतं आणि उंबरठा ओलांडला की स्पाइक. हे सगळं काही सेकंदांत आटोपतं. एटीपीच्या बाबतीत तर सेकंदाच्या अंशात.

दुसऱ्या तऱ्हेची रसायनं उंबरठाच खाली आणतात. सुजेच्या जागी तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ पेशीतलं सायक्लिक एएमपी वाढवतं, त्यातून प्रोटीन कायनेज ए जागं होतं, आणि एनएव्ही १.८ हे सोडियम चॅनल एरवीपेक्षा कमी विभवाला उघडू लागतं. पेशी शांत बसलेली दिसते, पण पूर्वी ज्या धक्क्याला गप्प राहायची त्याला आता स्पाइक देते. हे व्हायला मिनिटं लागतात. ब्रॅडिकायनिन दोन्हीकडचं आहे. काही पेशींना ते थेट वर ढकलतं, शिवाय प्रोटीन कायनेज सी मार्गे टीआरपीव्ही१ ला इतकं हळवं करतं की एरवी ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडणारं हे चॅनल त्याहून बऱ्याच कमी तापमानाला उघडतं.

आता चूक काय होते? प्रोस्टाग्लँडिन सोडून दहा सेकंद वाट पाहतात, स्पाइक येत नाहीत, ‘परिणाम नाही’ असं लिहून मोकळे होतात. किंवा उलट, कॅप्सायसिन पाच मिनिटं वाहू देतात आणि पेशी मरते.

आणखी एक गोंधळ नेहमीचा. प्रोस्टाग्लँडिनचा परिणाम थांबवून दाखवायला आयबुप्रोफेन वापरणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन तयार करणारं एन्झाइम अडवतं. बाटलीतून ओतलेल्या तयार प्रोस्टाग्लँडिनला ते काय करणार? तिथे ईपी रिसेप्टर, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन पेशीवर जिथे चिकटतं ती जागा, अडवणारं रसायन लागतं.

तपासणी: रिगवर बसण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: परिणाम किती वेळात अपेक्षित आहे, विभव कुठल्या दिशेला जायला हवं, आणि प्रवाह मोजायचा की स्पाइक. पहिल्या तऱ्हेच्या रसायनासाठी उणे ६० मिलिव्होल्टला व्होल्टेज क्लॅम्प करून, म्हणजे विभव तिथेच धरून, प्रवाह मोजणं सर्वांत स्वच्छ. दुसऱ्यासाठी करंट क्लॅम्पमध्ये, म्हणजे प्रवाह आपण ठरवून विभव बघत, उंबरठा मोजायचा.

## २. द्रावणं

बाहेरचं द्रावण, मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड १, हेपेस १०, ग्लुकोज १०. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४. ऑस्मोमीटरवर ३०० ते ३१० मिलिऑस्मोलच्या आसपास यायला हवं.

पिपेटमधलं द्रावण: पोटॅशियम ग्लुकोनेट १३०, पोटॅशियम क्लोराइड १०, हेपेस १०, ईजीटीए १, मॅग्नेशियम एटीपी ४, सोडियम जीटीपी ०.३. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.३. हे बाहेरच्यापेक्षा १०-१५ मिलिऑस्मोल कमी ठेवा, नाहीतर पेशी फुगते. लहान वाट्यांत वाटून उणे २० ला ठेवा, त्या दिवसाची वाटी बर्फावर, आणि उरलेलं परत गोठवायचं नाही. एटीपी-जीटीपी विसरलात तर कॅप्सायसिनचा प्रयोग कदाचित चालून जाईल. प्रोस्टाग्लँडिनचा मुळीच चालणार नाही, कारण तो सगळा मार्ग जीटीपीवर सुरू होतो आणि एटीपीवर पूर्ण होतो.

ग्लुकोनेटमुळे पिपेट आणि बाथ यांच्या सांध्यावर १५ मिलिव्होल्टच्या आसपास लिक्विड जंक्शन पोटेन्शियल येतं. पडद्यावर उणे ५० दिसत असेल तर खरं विभव उणे ६५ च्या जवळ असतं. दुरुस्ती केली की नाही हे नोंदीत लिहा. अर्ध्या पेशींना केली, अर्ध्यांना नाही, हे सर्वांत वाईट.

आता कॅप्सायसिन. रेणुभार सुमारे ३०५, म्हणजे १ मिलिलिटर इथेनॉलमध्ये ३.०५ मिलिग्रॅम विरघळवलं की १० मिलिमोलर साठा तयार. तोलताना हातमोजे, मास्क, चष्मा घाला आणि पंखा बंद करा. पूड हवेत उडाली तर पुढचा तासभर सगळी लॅब खोकते.

यातून १ मायक्रोमोलर करायचं तर १०० मिलिलिटर बाहेरच्या द्रावणात १० मायक्रोलिटर साठा घाला. इथेनॉल ०.०१ टक्का राहतं. पुष्कळजण कमी द्रावण करायचं म्हणून आधी इथेनॉलमध्येच १०० मायक्रोमोलर करतात आणि ते शंभरपट पातळ करतात. कॅप्सायसिन तेवढंच राहतं, पण इथेनॉल १ टक्क्यावर जातं. इथेनॉल स्वतः टीआरपीव्ही१ ला हळवं करतं. जखमेला स्पिरिट झोंबतं त्यामागे हेही एक कारण आहे. मग तुमच्या प्रवाहातला वाटा कुणाचा किती?

सावधान: नियंत्रण द्रावणात, म्हणजे ‘आधीच्या’ द्रावणात, तेवढंच इथेनॉल किंवा डीएमएसओ (रसायन ज्यात विरघळवलं ते विद्रावक) असलंच पाहिजे.

एटीपी विरघळवलं की द्रावण आम्लधर्मी होतं. पीएच पुन्हा ७.४ वर आणला नाही तर तुम्ही पी२एक्स३ ऐवजी एएसआयसीचा प्रवाह मोजत बसाल. आम्लाचाच प्रयोग असेल तर हेपेसवर विसंबू नका. पीएच ६.८ च्या खाली त्याची पकड सुटते. पीएच ५ ते ६ साठी बफर म्हणून एमईएस घ्या. ब्रॅडिकायनिन पेप्टाइड असल्यामुळे प्लॅस्टिकला आणि काचेला चिकटतं. द्रावणात ०.१ टक्का बीएसए हे प्रथिन असू द्या आणि एकदा वितळवलेली वाटी पुन्हा वापरू नका.

## ३. पेशी

प्राण्यावरच्या कामाला संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी हातात हवी. ‘अर्ज गेलाय’ म्हणजे मंजुरी नव्हे. डीआरजी काढण्याची पद्धत तुमच्या लॅबची असेल तीच पाळा. पंजा आणि पाय यांच्याशी संबंधित काम असेल तर एल४ आणि एल५, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याजवळचे, घ्या. कोलॅजिनेज, मग थोडा वेळ ट्रिप्सिन (दोन्ही ऊती सैल करणारी एन्झाइमं), मग आगीवर तोंड गुळगुळीत केलेल्या आणि क्रमाने अरुंद होत जाणाऱ्या पिपेटांतून हळूहळू वरखाली. फेस आला म्हणजे जोर जास्त होतोय. पॉलिलायसिन आणि लॅमिनिन लावलेल्या कव्हरस्लिपांवर पेरा आणि शक्यतो २४ तासांच्या आत नोंदी संपवा.

घाई का? पेशी उपटून काढणं हीच त्यांच्यासाठी इजा आहे. दिवस गेले की चॅनलांचं प्रमाण बदलतं, शाखा फुटतात, आणि शाखा फुटलेल्या पेशीवर व्होल्टेज क्लॅम्प नीट बसत नाही. माध्यमात एनजीएफ (चेतापेशींना वाढवणारं प्रथिन) घालायचं की नाही हेही आधी ठरवा आणि पूर्ण अभ्यासभर तेच ठेवा, कारण एनजीएफ टीआरपीव्ही१ वाढवतं. एका महिन्यात घातलं, दुसऱ्यात संपलं म्हणून नाही घातलं, असं झालं की दोन्ही महिने फुकट.

वेदनावाहक पेशी बहुतेक लहान असतात. २५-३० मायक्रोमीटरपेक्षा कमी व्यासाच्या निवडा. पण नुसत्या आकारावर जाऊ नका. त्यांचा स्पाइक रुंद असतो आणि उतरताना त्याला खांदा असतो. हा खांदा दिसला की योग्य पेशीवर आहात, असं धरायला हरकत नाही.

## ४. सील आणि ‘आधीची’ नोंद

पिपेट ३ ते ५ मेगाओहमची. सील किमान १ गिगाओहम, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. लहान डीआरजी पेशीचा स्वतःचा रोध कित्येक शे मेगाओहम ते गिगाओहम असतो. १ गिगाओहमच्या पेशीला १ गिगाओहमचं सील म्हणजे तुम्ही सोडलेला अर्धा प्रवाह काठावरून गळतोय, आणि पेशी त्या गळतीनेच वर सरकलेली असते. मग ती ‘आपोआप फायर होणारी’ पेशी म्हणून प्रबंधात जाते. ३ गिगाओहमच्या वर जाईपर्यंत थांबा.

आपल्याकडच्या विजेचा ५० हर्ट्झ गुंजारव नोंदीत दिसत असेल तर सॉफ्टवेअर फिल्टरने लपवू नका, अर्थिंग शोधा. सगळी उपकरणं एकाच बिंदूला जोडलेली हवीत. पावसाळ्यात पिपेट होल्डरमध्ये ओल राहते आणि नोंदीतला विद्युत गोंगाट वाढतो. रोज सकाळी होल्डर उघडून कोरडा करा. चांदीच्या तारेवरचा काळसर क्लोराइडचा थर गेला असेल तर विभव सरकत राहील. तार ब्लीचमध्ये बुडवून थर पुन्हा चढवा.

पटल फोडल्यावर लगेच मोजायला सुरुवात करू नका. हा मुद्दा इतका दुर्लक्षित आहे की वेगळा सांगतो. होल सेल झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत सोडियम चॅनलांचा सक्रिय होण्याचा वक्र आपोआप डावीकडे, म्हणजे अधिक ऋण विभवाकडे, सरकतो. प्रोस्टाग्लँडिन नेमकं हेच करतं. तुम्ही फोडल्यावर दुसऱ्या मिनिटाला ‘आधीची’ नोंद घेतली, आठव्या मिनिटाला प्रोस्टाग्लँडिननंतरची, आणि वक्र सरकलेला दिसला, तर तो औषधाविनाही सरकलाच असता. आलेख गाईडला दाखवायला फार सुंदर दिसतो, इथेच घात होतो.

म्हणून क्रम असा:

१. फोडल्यावर किमान ५ मिनिटं काही करू नका. पिपेटमधलं द्रावण पेशीत पसरू द्या.

२. सिरीज रेझिस्टन्स, म्हणजे पिपेट आणि पेशीचं आतलं यांच्यामधला रोध, टिपा. व्होल्टेज क्लॅम्पमध्ये ६० ते ८० टक्के भरपाई द्या. पुढे तो २० टक्क्यांहून जास्त बदलला तर त्या पेशीला निरोप.

३. रेस्टिंग पोटेन्शियल, म्हणजे पेशी शांत असतानाचं विभव, टिपा. दुरुस्तीनंतर उणे ४५ पेक्षा वर असेल तर पेशी सोडून द्या.

४. छोट्या धक्क्याने एक स्पाइक काढा. तो शून्याच्या वर गेला पाहिजे.

५. उंबरठा मोजा: ५०० मिलिसेकंदाचे धक्के, प्रत्येक वेळी १० पिकोअँपिअरने वाढवत, पहिला स्पाइक येईपर्यंत. दोन मिनिटांनी पुन्हा. आणखी दोन मिनिटांनी पुन्हा.

तपासणी: तिन्ही मोजमापं एकमेकांच्या एका पायरीच्या आत आली तरच पुढे जा. पहिलं ८०, दुसरं ६०, तिसरं ४० असेल तर ती पेशी औषधाविनाच हळवी होत चाललीय. तिच्यावर औषध वाया घालवू नका.

प्रत्येक मोजमापाबरोबर विभवही लिहा. औषधाने पेशी ५ मिलिव्होल्ट वर ढकलली तर उंबरठा कमी दिसणारच. त्याला चॅनल बदलायची गरज नाही. थोडा स्थिर प्रवाह देऊन पेशी पुन्हा मूळ विभवाला आणा आणि मोजमाप परत करा. दोन्ही आकडे ठेवा. तरीही उंबरठा उतरलेला असेल तर खरा बदल.

## ५. साध्याकडून साध्याकडे

रसायनाआधीची ही पायरी नवीन मुलं हमखास गाळतात. पर्फ्यूजनच्या, म्हणजे पेशीवर द्रावण वाहतं ठेवणाऱ्या, दोन नळ्यांत तेच नियंत्रण द्रावण भरा आणि एकीवरून दुसरीवर बदला. पेशीने काहीच करायला नको.

काही केलं तर कारणं ठरलेली असतात. डीआरजीतल्या पुष्कळ पेशी स्पर्शाच्या आहेत, त्यांच्यात पिझो२ सारखी दाबाला उघडणारी चॅनलं आहेत. नव्या धारेचा नुसता धक्का प्रवाह देऊ शकतो. धार मंद करा, नळी थोडी लांब न्या. दुसरं कारण तापमान. औषधाची नळी फ्रिजमधून थेट काढून लावली तर थंडीने टीआरपीएम८ उघडतं. ते २६ अंशांच्या आसपासच जागं होऊ लागतं. एसी जोरात असलेल्या खोलीत हा घोळ आणखी वाढतो. सगळी द्रावणं अर्धा तास आधी रिगजवळ ठेवा आणि थर्मामीटर बाथमध्ये बुडवून वाचा. भिंतीवरचा आकडा कामाचा नाही.

द्रावण बदलायला लागणारा वेळही मोजून घ्या. उघडी पिपेट पेशीविना बाथमध्ये धरा आणि अर्ध्यावर पातळ केलेलं बाहेरचं द्रावण सोडा. जंक्शनचा प्रवाह पायरीसारखा बदलेल. १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत जायला लागलेला वेळ हाच तुमचा बदलण्याचा वेग. साध्या बाथ पर्फ्यूजनला कित्येक सेकंद लागतात. कॅप्सायसिनला ते चालतं. पी२एक्स३ ला नाही. ते चॅनल सेकंदाच्या आतच बधिर होतं, त्यामुळे एटीपी हळूहळू वाढत गेलं तर चॅनल उघडण्याआधीच बंद होत जातं आणि तुम्ही लिहिता, ‘या पेशीत पी२एक्स३ नाही.’ एटीपीसाठी पेशीपासून काही दहा मायक्रोमीटरवर तोंड असलेली वेगवान नळीच हवी.

## ६. रसायन सोडणं

कॅप्सायसिन. व्होल्टेज क्लॅम्प, उणे ६० मिलिव्होल्ट, १ मायक्रोमोलर, ५ ते १० सेकंद, मग धुणं. आतल्या दिशेचा प्रवाह येईल. तो औषध चालू असतानाच उतरू लागतो आणि दुसऱ्यांदा सोडलं की पहिल्यापेक्षा बराच लहान येतो. आत शिरलेलं कॅल्शियमच हे चॅनल बधिर करतं. याचा अर्थ असा, की ‘आधी कॅप्सायसिन, मग अवरोधक आणि कॅप्सायसिन, प्रवाह कमी झाला, म्हणून अवरोधक काम करतो’ हा प्रयोग एकाच पेशीवर करून चालत नाही. दुसरा प्रवाह कमी होणारच होता. दोन गट करा: एका गटात दुसऱ्यांदा नुसतं कॅप्सायसिन, दुसऱ्यात कॅप्साझेपिन या टीआरपीव्ही१ च्या अवरोधकासह. तुलना दुसऱ्या प्रवाहांची.

एका कव्हरस्लिपवर कॅप्सायसिन एकदा गेलं की ती स्लिप संपली. शेजारच्या पेशींनाही ते मिळालेलं असतं. ‘ही पेशी जरा लांब होती’ हे कारण चालत नाही.

करंट क्लॅम्पमध्ये कॅप्सायसिन सोडाल तेव्हा आणखी एक सापळा आहे आणि तो मी वारंवार पाहतो. विभव चढतं, पाच-सात स्पाइक येतात, मग स्पाइक थांबतात. विद्यार्थी लिहितो, ‘सुरुवातीला उत्तेजन, नंतर दमन.’ नोंद नीट बघा. स्पाइक थांबले तेव्हा विभव कुठे आहे? उणे २० च्या आसपास अडकलेलं असेल तर पेशी शांत नाही. सोडियम चॅनलं उघडून निष्क्रिय झाली आहेत आणि विभव खाली येत नाही तोवर त्यांना परत तयार व्हायला वाव नाही. याला डिपोलरायझेशन ब्लॉक म्हणतात. खरं दमन असेल तर विभव रेस्टिंगकडे किंवा त्याखाली गेलेलं दिसतं. स्पाइक मोजणारं सॉफ्टवेअर हा फरक सांगत नाही, कच्चा ट्रेस डोळ्यांनी बघावा लागतो. तीव्रता १०० नॅनोमोलरपर्यंत उतरवली की पुष्कळदा ब्लॉक न येता सलग स्पाइक मिळतात.

एटीपी. एकदा सोडल्यावर पी२एक्स३ पूर्ववत व्हायला कित्येक मिनिटं लागतात. दर मिनिटाला सोडत राहाल तर पहिला प्रवाह मोठा, बाकीचे नगण्य. दोन वेळांमधलं अंतर वाढवत न्या आणि दोन प्रवाह सारखे येतील ते अंतर आपल्या पेशींसाठी ठरवा.

प्रोस्टाग्लँडिन ई२. करंट क्लॅम्प, १ मायक्रोमोलर, सलग वाहू द्या, दर दोन मिनिटांनी उंबरठा, किमान १० मिनिटं. तेवढाच वेळ प्रोस्टाग्लँडिनविना, फक्त त्याचं विद्रावक असलेल्या द्रावणात ठेवलेल्या पेशींचा गट सोबत हवाच. होल सेलमध्ये पेशीतली कारखान्याची सामग्री पिपेटमध्ये धुऊन जाते, त्यामुळे परिणाम फिका येत असेल तर अँफोटेरिसिन घालून परफोरेटेड पॅच करून पाहा, म्हणजे पटल न फोडता त्याला फक्त बारीक छिद्रं पाडा. चॅनलवरचा परिणाम नेमका दाखवायचा असेल तर टेट्रोडोटॉक्सिन वापरून त्याला संवेदनशील असलेली सोडियम चॅनलं बंद करा. उरलेला प्रवाह मुख्यतः एनएव्ही १.८ चा. टेट्रोडोटॉक्सिन प्राणघातक विष आहे: हातमोजे, कुलूप, वापराची नोंद, तिन्ही.

गाबा. मेंदूतलं दमनाचं रसायन म्हणून गाबा सगळ्यांना पाठ असतं, म्हणून डीआरजीवरही ते विभव खाली नेईल असं गृहीत धरतात. वरचं ग्लुकोनेटचं द्रावण वापरलं तर बहुधा तसंच दिसेलही, आणि ते चूक असेल. हिशेब करा. बाहेर क्लोराइड १५१ मिलिमोलर, पिपेटमध्ये १०. खोलीच्या तापमानाला क्लोराइडचं समतोल विभव उणे ७० च्या आसपास येतं. गाबाने क्लोराइडचं चॅनल उघडलं की उणे ६० वर असलेली पेशी उणे ७० कडे जाते. पण हे १० मिलिमोलर तुमचं आहे. जिवंत डीआरजी पेशी एनकेसीसी१ या वाहकाने क्लोराइड आत भरून ठेवते आणि प्रौढ वयातही ते जास्तच राहतं. तिचं स्वतःचं समतोल विभव रेस्टिंगच्या वर असतं, म्हणून गाबा या पेशीला वर ढकलतं.

इथे होल सेल चालतच नाही. ग्रॅमिसिडिनचा परफोरेटेड पॅच घ्या: त्याच्या छिद्रांतून सोडियम-पोटॅशियम जातात, क्लोराइड जात नाही, पेशीचं क्लोराइड तिचं तिच्याकडे राहतं. पिपेटच्या टोकाला ग्रॅमिसिडिनविना द्रावण, मागे ग्रॅमिसिडिनसह. सिरीज रेझिस्टन्स उतरायला २०-४० मिनिटं लागतात. चहा पिऊन या, पण टेबलाला धक्का लावू नका.

तपासणी: या प्रयोगात पिपेटमध्ये मुद्दाम १४० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड भरा. मधेच पटल फुटलं तर गाबाच्या प्रवाहाचं उलटण्याचं विभव एकदम शून्याजवळ उडी मारेल आणि तुम्हाला कळेल. कमी क्लोराइड भरलं असतं तर फुटल्याचा पत्ताच लागला नसता.

## ७. धुणं आणि निर्णय

धुतल्यावर परिणाम परतला तर उत्तम. न परतणं हा दरवेळी दोष नसतो. अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट टीआरपीए१ च्या सिस्टीनला रासायनिक बंधाने जोडलं जातं, ते पाण्याने लगेच कसं निघेल? प्रोस्टाग्लँडिनने सुरू केलेलं फॉस्फोरिलेशनही रेंगाळतं. पण कॅप्सायसिननंतर दहा मिनिटं धुऊनही पेशी उणे ३० वर असेल आणि पटलाचा रोध पडलेला असेल, तर ती मेली आहे. तिचा ‘दीर्घकालीन परिणाम’ म्हणून आलेख काढू नका.

धुतल्यानंतर सिरीज रेझिस्टन्स पुन्हा मोजा. ही नोंद नसलेली फाइल विश्लेषणात घेऊच नका, मग आतला प्रवाह कितीही देखणा असो.

आकडेवारीत दोन गोष्टी. प्रतिसाद म्हणजे काय हे नोंदी उघडण्याआधी ठरवा, उदाहरणार्थ ‘मूळ रेषेतल्या विद्युत गोंगाटाच्या प्रमाण विचलनाच्या पाचपट प्रवाह’. नंतर ठरवलं की हा निकष आपोआप आपल्याला हव्या त्या जागी बसतो. आणि एका उंदराच्या बारा पेशी म्हणजे बारा स्वतंत्र नमुने नव्हेत. किती प्राणी आणि प्रत्येकातून किती पेशी, दोन्ही लिहा, आणि विश्लेषणात प्राण्याची पातळी धरा. प्रतिसाद न देणाऱ्या पेशीही मोजा. डीआरजी हा मिश्र समूह आहे. १० पैकी ४ पेशींनी प्रतिसाद दिला हाच निकाल असतो. चौघींची सरासरी काढून सहांना गायब करणं म्हणजे आपल्याच निकालाची वाट लावणं.

## ८. रिग सोडण्याआधी

कॅप्सायसिन तेलात विरघळणारं आहे, सिलिकॉनच्या नळीत मुरतं आणि दुसऱ्या दिवशी नियंत्रण द्रावणात थोडं थोडं झिरपतं. त्या दिवशी सगळ्या पेशी आधीच बधिर निघतात आणि दोष कल्चरला दिला जातो. औषधाच्या वाटेवर शक्यतो टेफ्लॉनची नळी लावा. काम संपलं की ७० टक्के इथेनॉल, मग भरपूर शुद्ध पाणी, मग हवा सोडून नळ्या कोरड्या. कॅप्सायसिनची नळी वेगळ्या रंगाच्या टेपने खूण करून ठेवा आणि ती दुसऱ्या कुठल्याही रसायनाला वापरू नका. बाथचा कप्पा आणि सक्शनची सुईसुद्धा त्याच इथेनॉलमधून काढा. सुई बहुतेक सगळे विसरतात.